आठव्या गाण्याचं दार

…आणि अजूनही तुमचं म्हणणं तेच असणार, की अल्बम म्हणजे आठ सुटी गाणी, कॅसेटच्या एका डबीत कोंबलेली, त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि त्यांचं नाटक करायला निघालेला माणूस रिकामटेकडा. काका, मी रिकामटेकडा नाही. मी सकाळी रुग्णालयाच्या चादरी धुतो आणि दुपारी हॉटेलांच्या, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ देत नाही. तेव्हा या वादात मला हलक्यात घेऊ नका. (नमस्कार राहिलाच. तो इथे धरा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून, काकूंच्याही. बाबांचा खोकला, तुमचा गुडघा आणि तुमचा मोठा स्पीकर, जो गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतो, तिघांची तब्येत कळवा. मी बरा आहे. हातांची सालं निघतात, पण ती साबणाने, दुःखाने नाही.)

या वर्षी नक्की येतो, असा शब्द मी आईला दिलाय. फोन तुम्हीच तिच्या कानाशी धरला होता, त्यामुळे तुम्ही साक्षीदार. मग मी रजा मागायला आमच्या सुपरवायझरकडे गेलो. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना भोंगा म्हणतो. दिवसभर गप्प असतात, आणि बोलले की सगळी यंत्रं चालू असतानाही शेवटच्या ट्रॉलीपर्यंत ऐकू जातं. त्यांनी माझा अर्ज पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाले, "मालक येणारेत सुट्टीच्या दिवशी. कामगारांचा कार्यक्रम पाहिजे म्हणतात. चांगला काहीतरी बसव, मग रजेचं बघू." आता माझ्यासारख्या सहावीत शाळेला रामराम केलेल्या माणसाने काय बसवायचं? मला भाषण येत नाही, नकला येत नाहीत. मला अल्बम येतात. तुमच्या दुकानात स्पीकरच्या मागे बसून वाढलो, दुसरं काय येणार?

तर कोणत्या अल्बमचं नाटक होतं आणि कोणत्याचं होत नाही, यावर मी इतका विचार केलाय की एकदा गरम रोलरमधून चादरीबरोबर बाहीसुद्धा इस्त्री करून घेतली. (हात बाहेर होता. आईला सांगू नका.) लग्नात तुम्ही हमखास लावता तो अल्बम घ्या. गाणी झकास, पण त्यात कुणालाच काही अडचण नाही. सगळे पहिल्या गाण्यापासून खूश आहेत आणि आठव्यापर्यंत खूशच राहतात. लोक अशा घरी जेवायला जातील, पण तिकीट काढून बघायला जाणार नाहीत. दुसरा, तो डोळ्यांवरचा. आठही गाणी एकाच बाईच्या डोळ्यांवर. बाकीची बाई कुठे आहे, ती काय म्हणते, कुणी विचारलेलंच नाही. आमचा व्हॅनवाला म्हणाला तो करू, मी नायक होतो. मी म्हटलं, आणि डोळ्यांचं काम कोण करणार? तिसरा, त्या दाढीवाल्याचा, त्यात माणूस दर गाण्याला मरतो. एकदा मेल्यावर पुढच्या गाण्याला त्याला उठवायचं कसं? प्रेक्षक विचारणार.

राहिला आपल्या घरचा. निळ्या डबीचा. तो मात्र पहिल्यापासून नाटकच आहे, काका, नुसता उभा करायचा बाकी. पहिल्या गाण्यात तो कामासाठी निघतो, दुसऱ्यात तिला हसू आवरत नाही कारण तो उलटा सदरा घालून निघालाय, मग त्याची खोली, तिचा पाऊस, त्याचा आजार, तिचा राग, दोघांचा अबोला, आणि आठव्यात तो परत येतो, दारावर थाप मारतो. संपलं. आमच्या घरी तरी तिथेच संपायचं. थाप, थाप, आणि खर्रर्र. "मशीनने फीत खाल्ली," असं तुम्ही सांगितलं होतं आणि आम्ही मानलं. मला तर तो शेवट फार आवडायचा. वाटायचं, दार उघडणार हे माहीतच आहे, ते गाऊन कशाला दाखवायचं. बाहेर कधी ते गाणं लागलं तर मी थापेपाशीच उठायचो. आपल्याला येतंय की, मग ऐकायचं कशाला?

आमच्या लाँड्रीतली जेवणाची खोली रिकामी केली. डागाळलेल्या चादरींचा पडदा, पालथ्या बादल्यांचा ठेका, आणि वाफेच्या नळीचं धुकं. (धुकं जरा जास्त झालं. मालक तिसऱ्या गाण्यापर्यंत दिसत नव्हते.) नायक मी, दुसरं कुणी उलटा सदरा घालायला तयार होईना. नायिका घडीच्या टेबलावरच्या मावशी. वयाने तुमच्याएवढ्या असतील, पण आवाज असा की चादरीची घडी आपोआप पडावी. तालीम चहाच्या सुट्टीत, त्यामुळे आठवं गाणं कधी पूर्ण म्हणायला वेळच मिळाला नाही. मी सांगितलं होतं, थाप मारली की दिवा घालवायचा.

थाप मारली. दार म्हणजे कपाटाची निखळलेली फळी, तिच्यामागे मावशी. दिवा गेला नाही. दिव्यावरचा पोरगा तोंड उघडं टाकून वाट बघत होता. मी पुन्हा थाप मारली. मागून व्हॅनवाला म्हणाला, "अरे, पुढचं गा की." मला वाटलं चेष्टा करतोय. आणि फळीच्या आतून मावशींनी पुढचं गायला घेतलं. काका, पुढे गाणं होतं. अर्धं गाणं होतं. आतली बाई विचारते, कोण हवंय तुम्हाला? तो नाव सांगतो. ती म्हणते, या नावाचं इथे कुणी नाही, आणि या नावाच्या माणसाची वाट बघणारंही इथे आता कुणी राहत नाही. सगळ्या खोलीला ते पाठ होतं. धुणारे, घडीवाले, व्हॅनवाले, सगळे गात होते. एकट्या नायकाला पत्ता नव्हता. मी दाराबाहेर उलट्या सदऱ्यात उभा, आणि माझी गोष्ट मला दुसरेच सांगत होते. लोक म्हणतात मी फार चांगलं काम केलं. मी काही करतच नव्हतो.

त्यानंतर मी आपल्या फितीचा विचार केला. मशीनने खाल्लेली फीत चुरगळते, काका. तुमच्या दुकानात शंभर वेळा पेन्सिलीवर गुंडाळल्यात मी. आपली फीत सरळ कापलेली होती, कात्रीने, कडेला सुरकुतीसुद्धा नव्हती. तेव्हा बाबा लांब कामावर होते, कित्येक महिने त्यांची खबर नव्हती, आणि आई रोज तोच अल्बम लावायची. कात्री तुमचीच. मी आता एवढंच म्हणतो, की माणसाला अर्धं गाणं देऊन वाढवणं बरोबर नाही. आणि नाहीतरी ते गाणं खोटं निघालं. बाबा आले तेव्हा आईने पहिल्याच थापेला दार उघडलं आणि म्हणाली, "आधी पाय पूस." म्हणून मी आल्यावर आपण सगळे बसू, तुम्ही तो मोठा स्पीकर आणा, आणि आईला ते गाणं शेवटपर्यंत ऐकवू. मी तिच्या शेजारी बसलेला असेन, मग काय भीती?

तुमचा,
थोरल्याचा धाकटा

ता.क. कार्यक्रम मालकांना आवडला. भोंग्याला जास्तच. शेवटच्या गाण्याला ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. कित्येक वर्षं घरी गेले नव्हते म्हणे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची रजा मंजूर करून घेतली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात, म्हणजे पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाले, "मी येईपर्यंत तूच बघ." येणार कधी, ते विचारवलं नाही.

ता.क. दुसरा. म्हणून वर लिहिलेलं तूर्त विसरा. आईला ते गाणं ऐकवू नका. कुणाकडे लागलंच तर थापेपाशी वायर काढा. तिने विचारलं तर मशीनने खाल्लं म्हणा, तुम्हाला ते सरळ चेहऱ्याने सांगता येतं. मी येत नाही हेही तुम्हीच सांगा, जेवण झाल्यावर, आणि येणार नाही असं म्हणू नका, अजून निघाला नाही म्हणा.

ता.क. तिसरा. तिकिटाचे ठेवले होते ते पाठवतोय, तिच्या हातात द्या. अठरा हजार.