शेवटचा तुकडा राखून ठेवलाय

३ जून, मंगळवार
ठकीचा फोन. नात फिजिओथेरपी शिकायला परगावी हॉस्टेलात गेली, एकोणीस वर्षांची झाली, तरी माझ्यासाठी ठकीच. तारवाल्याच्या सिनेमाचा सातवा भाग शुक्रवारी लागतोय. शेवटचा. तिची परीक्षा २८ ला संपते. २९ ला, रविवारी, दोघींनी मिळून बघायचा. तोवर तिनेही नाही, मीही नाही. मी शब्द दिला. त्यात काय एवढं. एकतीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात मशीन चालवलं, सुट्टीची घंटा होण्याआधी कधी डब्याचं झाकण उघडलं नाही.

पहिला भाग लागला तेव्हा ठकी आठ वर्षांची. मी आपली सोबत म्हणून गेले होते. तारवाल्याने विजेच्या खांबावरून पहिली उडी मारली आणि माझंच तोंड उघडं पडलं. तेव्हापासून सगळे भाग शेजारी बसून पाहिले. नियम ठकीचा: पडद्यावर नावं सुरू झाली तरी उठायचं नाही. नावं संपल्यावर एक छोटा तुकडा दाखवतात, तो बघायचा. त्याआधी उठलं की सिनेमा पाहिलाच नाही असं धरायचं. पहिल्या वेळी पायाला मुंग्या आल्या म्हणून मी उठले होते, तर 'आजी, तुझा मोजायचा नाही' म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा नेऊन बसवलं होतं पोरीने.

६ जून, शुक्रवार
लागला. थिएटरच्या रस्त्याने जायचं नाही असं ठरवलं. पेपर वाचला नाही. टीव्हीवर जाहिरात आली तशी उठून स्वयंपाकघरात गेले. सूनबाई म्हणाली, काय हवंय? काहीच नको होतं. उगाच एक भांडं घासलं.

७ जून, शनिवार
त्या रस्त्याने गेले. २९ ला गुडघ्याला पायऱ्या झेपतील का, हे आधी बघून ठेवलेलं बरं. एकवीस पायऱ्या. झेपतात. बाहेर तारवाल्याचं भलंमोठं चित्र. त्याच्या सूटला काखेत जादा कापड सोडलेलं नाही. हात वर केला की उसवणारच. सात भाग झाले, एकालाही शिंपी मिळाला नाही.

९ जून, सोमवार, संध्याकाळी ५
एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मी आज आत गेले, पण सिनेमा बघायला नाही. २९ पर्यंत टिकतो की उतरवतात, गर्दी किती, हे बघायला. गर्दी बघायची तर आत बसावंच लागतं. इंटरव्हलला उठणार होते. पण त्या वेळी घार, म्हणजे ती पंखवाली, जखमी होऊन गच्चीवर पडलेली. एखाद्या बाईला अशा अवस्थेत टाकून निघून यायचं, हे माझ्या स्वभावात नाही.

नावं सुरू होताच मात्र ताडकन उठले. शेवटचा तुकडा पाहिला नाही. म्हणजे नियमाप्रमाणे सिनेमा पाहिला नाही. नियम माझा नाही, ठकीचा आहे.

१० जून, मंगळवार
ठकीचा फोन. मैत्रिणींनी सगळ्यांनी पाहिला. जेवताना तेच बोलतात, म्हणून ही ताट घेऊन जिन्यात जाऊन जेवते. फोनवरच्या ग्रुपमधूनही बाहेर पडली. मला म्हणाली, 'आजी, तूही कान बंद ठेव हं. तारवाल्याचं काय होतं ते दोघींना एकदमच कळलं पाहिजे.' मी म्हटलं, माझे कान तसेही अर्धे बंदच आहेत.

तारवाला विझतो. सगळ्या शहराची वीज अंगातून जाऊ देतो आणि बल्ब जातो तसा जातो. हे मला ठाऊक आहे आणि ती पोर जिन्यात बसून जेवते आहे. आज जेवण गेलं नाही. सूनबाई म्हणाली, मीठ जास्त पडलं का? मी हो म्हटलं. तिचं मीठ बरोबर होतं.

१२ जून, गुरुवार
सूनबाईने विचारलं, सोमवारी दुपारभर कुठे होतात? तोंडातून निघून गेलं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे. मुलगा तर खूशच झाला. वर्षभर मागे लागलोय, एकदाची गेलीस, आता दर सोमवारी जायचं, चुकवायचं नाही, असं त्याने बजावलं.

आता मुलगाच जा म्हणतो म्हटल्यावर मी काय करणार.

१६ जून, सोमवार
गेले. डॉक्टरकडे कोणी नटून जात नाही, म्हणून आत ठेवणीतले कपडे आणि वरून साधा गाऊन, कोपऱ्यावर गाऊन काढून पिशवीत. यात गैर काही नाही. तारवाला सात भाग हेच करतो. दिवसा खांबावर चढून तारा जोडतो, नंतर सूट घालून माणसं वाचवतो आणि घरी बायकोला सांगतो की ओव्हरटाइम होता. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. टाळ्या वाजवतात.

दुसऱ्यांदा बघितलं की खरं दिसतं. पहिलं म्हणजे दुष्ट माणूस फार बोलतो. हातात आलेल्याला संपवायचं सोडून आपलं बालपण सांगत बसतो. आमच्या कारखान्यात असता तर दिवसाच्या दहा बाह्याही झाल्या नसत्या. दुसरं, एवढ्या इमारती पडतात, पण केर काढताना कोणी दिसत नाही. आणि तारवाला विझतो तेव्हा घार त्याचा हातमोजा उचलून खिशात ठेवते. मागच्या वेळी हे निसटलं होतं. फाटका हातमोजा, शिवण माझ्या पहिल्या दिवसाच्या शिवणीहूनही वाईट. मला रडायला येत नाही, नवऱ्याच्या वेळीही फारसं आलं नव्हतं. आज रुमाल लागला. एसीची हवा असेल.

शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पिशवी ठेवली. मग उचलून मांडीवर घेतली.

नावं सुरू होताच उठले. तुकडा शाबूत.

१८ जून, बुधवार
ठकीचा फोन. बापाने तिला सांगितलं वाटतं. आनंदाने विचारते, 'आजी, डॉक्टरांनी व्यायाम कोणते दिले?' आता तीच ते शिकते, तिला काय थापा मारणार. डोळ्यासमोर तारवाला आकाशातून उतरतो ते होतं, तेच सांगितलं. एक गुडघा जमिनीला टेकवायचा, दुसरा पाय पुढे, एक मूठ खाली दाबायची, दुसरा हात मागे ताणायचा आणि मान हळूच वर करायची.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाली, 'हे तुला कोणी सांगितलं? तुझ्या वयाला? त्या डॉक्टरचा नंबर दे.' मी म्हटलं, आवाज येत नाही, आणि फोन ठेवला.

सूनबाई ऐकत होती. म्हणाली, करून दाखवा बघू. माघार घेतली असती तर संशय आला असता. म्हणून दाखवलं. खाली गेले व्यवस्थित. मान वर केली तीही झोकात. पुढचं मात्र झालं नाही. आकाशातून उतरल्यावर ही माणसं पुन्हा उभी कशी राहतात, हे एकाही भागात नीट दाखवत नाहीत. मुलगा आणि शेजारचा सुतार, दोघांनी काखेत हात घालून उचललं. सुताराने विचारलं, काही हरवलंय का खाली?

१९ जून, गुरुवार
गुडघा टम्म सुजलाय. आता खरंच डॉक्टरकडे जायला हवं. पण आधी गेलेच होते असं सांगून बसलेय, तर आता कुठल्या तोंडाने जाऊ. सूनबाईने गरम पाण्याची पिशवी आणून दिली, न मागता. ती अशी वागली की मला जास्त त्रास होतो.

आजपासून बंद. पक्कं.

२३ जून, सोमवार
घरात बसून राहिलं तर सांधा आखडतो. गेले. ही शेवटची.

डोअरकीपर आता ओळखतो. त्याने हात धरून कडेच्या खुर्चीवर बसवलं. नावं सुरू झाल्यावर मी लंगडत बाहेर आले तर दारात म्हणाला, आजी, दर वेळी घाईने निघता, पण शेवटी तसं— मी हात वर करून त्याला थांबवलं. म्हटलं, एक शब्द काढू नका, मी तो तुकडा नातीसाठी राखून ठेवलाय. तो काहीतरी बोलणार होता, पण गप्प बसला. संस्कार आहेत त्याच्यावर.

२४ जून, मंगळवार
कबूल करायचं ठरवलं. रोज वही भरते, पण ही तीन वाक्यं लिहायला दुपार गेली. 'ठकी, मी सिनेमा पाहिला. एकदा नाही. रागावू नकोस.' फोनवर वाचून दाखवायची म्हणून चिठ्ठी फोनजवळच ठेवली.

तिचाच फोन आला. पेपर चांगला गेला म्हणाली. बसमध्ये मागे दोघी जणी शेवट सांगायला लागल्या, तर ही पाच स्टॉप आधीच उतरली. पाऊणतास चालत हॉस्टेलात गेली. हसत सांगत होती. 'शब्द दिलाय ना तुला,' म्हणाली.

चिठ्ठी फाडली. परीक्षेच्या दिवसांत पोरीला त्रास कशाला.

२८ जून, शनिवार
ठकी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत माझा गुडघा हातात घेतला. चार ठिकाणी दाबलं. दाबताना माझ्या तोंडाकडे बघत होती, गुडघ्याकडे नाही. डॉक्टरचं नाव विचारलं. मी म्हटलं, उद्याचं काय ते बघू, आधी जेव. ती जेवली, ताटावर, टेबलाशी बसून. मला आपलं जिन्यातलंच दिसत होतं.

२९ जून, रविवार
जसं झालं तसं लिहिते.

डोअरकीपर आम्हाला बघून तोंडभर हसला आणि न विचारता कडेच्या खुर्चीकडे टॉर्च धरला. ठकीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पायऱ्यांना दोष देत बसले.

सिनेमाभर मी चांगलं केलं. जिथे दचकायचं तिथे दचकले. जरा आधी दचकले असेन. पण तारवाला खांबाला हात घालायच्या आधीच माझ्या हातात रुमाल होता. ठकी तेव्हापासून पडद्याकडे बघतच नव्हती. तो विझला आणि ती माझ्याकडे बघत होती. एवढे दिवस कान झाकून राखलेलं तिने, माझ्यामुळे ते तिचं बघायचं राहिलं.

नावं सुरू झाली आणि मी उठले. पिशवी खांद्यावर, पाय वाटेत. सवय, दुसरं काय.

'बस,' ठकी म्हणाली.

बसले. नावं सरकत राहिली. माणसं गेली. शेवटचं नाव गेलं, पडदा काळा झाला, मग पांढरा. दिवे लागले. केरसुणी घेऊन बाई आली आणि पहिल्या रांगेपासून सुरू झाली. मी म्हटलं, येईल आता.

'आजी, या भागाला तुकडा नाहीये,' ठकी म्हणाली. 'शेवटचाच भाग आहे. पुढचं काय दाखवणार?'

दारातून डोअरकीपर म्हणाला, मी त्यांना त्या दिवशी तेच सांगत होतो.

म्हणजे तिन्ही वेळा मी अख्खा पाहिला होता. नावं सोडली तर काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

'कितीदा?' तिने विचारलं. मी तीन बोटं दाखवली. ती ओरडली असती तर बरं होतं. केरवाली आमच्या रांगेपर्यंत आली, आम्ही पाय वर घेतले.

'मी बसमधून उतरले होते, आजी.'

तेवढंच. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून खाली बघत राहिले. खाली केर होता.

घरी आल्यावर तिने पहिल्या भागापासूनची आमची तिकिटांची वही काढली. आजची दोन चिकटवली. मग हात पुढे केला. मी पर्समधून माझी तीन काढून दिली. तीही चिकटवली आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'आजी, एकटी.' तारखा मलाच विचारल्या. मला पाठ होत्या.

उद्या सकाळी नऊ वाजता गुडघ्याचा डॉक्टर. खरा. ठकी स्वतः नेणार आहे आणि तो झाला म्हणेपर्यंत उठायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, आज तरी शेवटपर्यंत बसले ना.

तिने वही मिटून उशाशी ठेवली. दिवा मीच मालवला.