वाळूत पुरलेल्या बाहुल्या

सोमवार, ७ ऑगस्ट

आज तीन पुरल्या! गेल्या आठवड्यापर्यंत एकच होती.

माझी मारामा वाळूच्या हौदात बसली. खेळघरातल्या तीन बाहुल्या ओळीने आडव्या ठेवल्या, खड्डा खणला, एकेक आत ठेवली, वर वाळू लोटली आणि तळहाताने थापटून घेतली. मग उठून हात धुतले आणि बिस्किट मागितलं. चार वर्षांची पोर आणि चेहरा असा, जणू रोजचं ऑफिसचं काम उरकलं.

या खेळघरात शिक्षक नाहीत, आम्ही आईबापच पाळीपाळीने सगळं बघतो. ग्लेनिस आमची म्होरकी. तिची स्वतःची पोरं केव्हाच मोठी झाली, ही बाई मात्र इथून हललीच नाही. नियम सगळे तिचे. पाच मिनिटं मुलाचा खेळ बघायचा, दिसेल ते वहीत लिहायचं, मत लिहायचं नाही. आणि मुलाला विचारायचं तर मुळीच नाही! "काय करतेस म्हणून विचारलंत की खेळ संपला," म्हणते. मी आयुष्यभर परांच्या बांधल्या, खेळ कसा बघतात ते मला काय ठाऊक? गुडघा दुखावला नसता तर या हौदाच्या काठावर बसलोच नसतो.

म्हणून खेळघराच्या वहीत लिहिलं – ‘तीन बाहुल्या. एक खड्डा. थापटलं.’

मत इथे, माझ्या डायरीत लिहितो. मला हे काही बरं वाटत नाही.

मंगळवार, ८ ऑगस्ट

रोइमाताला सांगितलं. माझी बायको ती, तेव्हा आमच्या तान्ह्या निकाऊला पाजत होती. म्हणाली, "वाळूत पोरं बाहुल्या नाही पुरणार तर काय पेन्शनचे फॉर्म भरणार?"

हसलो. मग तिनेच जरा वेळाने विचारलं, "कुठल्या बाहुल्या? मोठ्या, का बाळं?"

बाळंच. तिन्ही.

निकाऊ अडीच महिन्यांचा आहे.

गुरुवार, १० ऑगस्ट

आज चार. शिवाय एक लाकडी गाय.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

ब्रेंटला बोललो ते चुकलं. हा खेळघरातला दुसरा बाप. पोरं दोन आणि पालकांसाठीची पुस्तकं वीस. माझं ऐकून त्याचे डोळे चमकले. "मत्सर! धाकटं आलं ना? तिच्या मनात ती त्यालाच पुरतेय." हे असं कुणी चहा पिता पिता बोलतं का!

उपायही लगेच. तिला तिची स्वतःची बाळ-बाहुली द्या, तिच्यावर राग काढू द्या. आणि बाळाजवळ तिला एकटं सोडू नका.

ग्लेनिसला विचारलं तर ती म्हणाली, "बघा आणि लिहा." हिला आग लागली तरी ही बघेल आणि लिहील.

घरी येऊन ब्रेंटचं पुस्तक चाळलं. चाळिसाव्या पानावर म्हणतात, दुर्लक्ष करा. चव्वेचाळिसाव्यावर म्हणतात, दुर्लक्ष केल्यास परिणाम गंभीर होतात. मधल्या चार पानांत काय झालं कोण जाणे.

रविवार, १३ ऑगस्ट

दुपारी आईकडे जेवण. आईकडे म्हणजे शेजारीच, मधे कुंपणसुद्धा नाही. डुकराची हाडं, पालेभाजी, वर कणकेचे गोळे – सगळं एकाच पातेल्यात. माझा भाऊ तूरोआ एकटा चौघांचं जेवला.

जेवल्यावर तो निकाऊला मांडीवर घेऊन मागच्या दारी बसला. समोर कोवाय झाडाचं रोप. जूनमध्ये निकाऊची वार, जन्मानंतर पडते ती, तिथेच पुरली, वर हे रोप लावलं. आमच्यात पुरतातच, त्याशिवाय मूल त्या मातीचं होत नाही. तूरोआ बाळाला म्हणतो, "तू बेटा इथला. पक्का! ही तुझी बहीण मात्र ऑसी, ऑस्ट्रेलियावाली. हिची वार राहिली ब्रिस्बेनला. काय गं ऑसी?"

सगळे हसले. मीही हसलो. आम्ही ब्रिस्बेनहून इथे परत आल्यापासून आठ महिने तो तिला ऑसीच म्हणतोय.

आई भांडी गोळा करता करता म्हणाली, "त्या घराचा पत्ता आहे ना रे तुझ्याकडे? जिथे पुरलीस?"

हो, हो म्हटलं आणि उगाचच नळ सोडला.

सोमवार, १४ ऑगस्ट

ब्रेंटच्या सल्ल्याने बाहुली आणली. पोटात बॅटरी. हलवली की रडते, थोपटली की गप्प.

मारामाने ती तासभर कडेवर घेतली. पाजली. ढेकर काढली. मला वाटलं, चला, सुटलो! मग खेळघरात गेलो आणि तिने तीही पुरली.

वाळू लोटताना बाहुली हलली असणार. खालून रडू यायला लागलं! सगळी पोरं धावत आली. कुणाचा तरी दोन वर्षांचा मुलगा भोकाड पसरून मोकळा झाला. त्याची आई माझ्याकडे असं बघायला लागली की मलाच हौदात पुरून घ्यावंसं वाटलं. मारामा मात्र शांत. वाळू थोपटत म्हणते, "झालं गं, झालं. आता कुठ्ठे जायचं नाही."

कुठ्ठे जायचं नाही!

वहीत लिहिलं – ‘बाहुली रडली. थोपटलं.’ ग्लेनिसने वाचून मान डोलावली. "छान लिहिता हं तुम्ही."

मंगळवार, १५ ऑगस्ट

रोइमाता आता निकाऊचा पाळणा आमच्या खोलीतच ठेवते. मारामा दारात येऊन उभी राहते, आम्ही दोघं एकदम उठतो. तिच्या लक्षात येत असेल का? आपण पोरीला घाबरतोय की पोरीसाठी घाबरतोय, तेच मला कळत नाही.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी दहाची वेळ. रोइमाता अंघोळीला गेली होती. निकाऊ व्हरांड्यात बाबागाडीत झोपलेला. मी किटली लावायला आत गेलो, दोन मिनिटं! बाहेर आलो तर गाडी नाही. मारामाही नाही.

दुखरा गुडघा विसरून पळालो. आईच्या मागच्या दारी दोघं. गाडीची चाकं चिखलात रुतलेली, निकाऊ जागा, मूठ चोखतोय. रोपापासून चार पावलांवर खड्डा – तिच्या गुडघ्याएवढा खोल! आणि ती खेळण्यातल्या लाल फावड्याने अजून खणतेच आहे.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. गाडी ओढून मागे घेतली. पोर जागच्या जागी थिजली. मग ग्लेनिसचा नियम गेला खड्ड्यात, मी विचारलंच – "त्याला पुरणार होतीस? बोल! बाळाला पुरणार होतीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण अगदीच मठ्ठ माणसाकडे बघतो.

"त्याला कशाला? त्याचं आहे की इथे. हा खड्डा माझा आहे."

खड्ड्यात बघितलं. तिचा एक गमबूट. तिच्या केसांसकट तिचा कंगवा. तिचा चमचा.

"मग त्याला कशाला आणलंस?"

"त्याला जागा माहितीये."

चिखलातच बसलो. म्हटलं, "आणि बाहुल्या गं? त्या का पुरतेस?"

"त्या दुकानातून आल्यात, बाबा. त्यांचं कुठेच नाही पुरलं. मग त्यांनी राहायचं कुठे?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. काका म्हणतो ती ऑसी. ऑसी लोक तिकडे राहतात. निकाऊ पक्का इथला आणि तिचं इथे काहीच नाही – म्हणजे एक दिवस तिला एकटीला परत पाठवणार. विमानाने. इतके दिवस हे डोक्यात घेऊन पोर बिस्किटं खात होती! आणि मी वहीत काय लिहीत होतो? थापटलं.

तिला उचलून घेतलं. तिच्याआधी मीच रडलो. "मला पाठवणार नाही ना?" असं तिने तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं, पण तिला पटलं असं वाटलं नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट

खड्डा बुजवू देत नाही. पाऊस आला तर म्हणून वर पातेल्याचं झाकण ठेवलंय.

सोमवार, २१ ऑगस्ट

आईला शुक्रवारचं सगळं सांगितलं होतं. तिने आधी तूरोआला फोन करून झापलं. "पुन्हा तिला ऑसी म्हणालास तर माझ्या पातेल्याला हात लावायचा नाही." तूरोआ संध्याकाळी मारामाला आईस्क्रीम घेऊन आला आणि तिच्याशी बोलताना लहान मुलासारखा अडखळला. बिचारा.

इथवर ठीक. पण आज आई म्हणाली, "पोरीला नुसतं सांगून पटणार नाही. तिची वार आणू. चार वर्षं झाली, उरली नसेल, पण त्या जागेची मूठभर माती तर मिळेल? ब्रिस्बेनला आपल्या नात्यातला पराता आहे, तो जाईल. पत्ता दे."

म्हटलं, विमानतळावर माती आणू देत नाहीत. जप्त करतात.

"ते मी बघते. तू पत्ता दे."

तिला कोण अडवणार? विमानतळावरची माणसं रडतील.

आता लिहितोच. हे मी या डायरीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. पत्ता नाही. मारामाची वार मी पुरलीच नाही.

बाळंतपणात रोइमाता ऑपरेशनच्या गुंगीत होती. मी सलग दोन पाळ्या करून आलेलो. नर्सने विचारलं, घरी न्यायची का? आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो, मातीचा कण नव्हता. नको म्हटलं. कागदावर सही केली. तिने ती नेली, कचऱ्यातच गेली असणार. घरी सगळ्यांना सांगितलं, मुकादमाच्या अंगणात पुरली, लिंबाच्या झाडाखाली. लिंबू सुचलं कारण फोनवर आई रडत होती आणि काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं.

माझी स्वतःची वार आजोबांच्या जुन्या झाडाखाली आहे. तिकडे काम करताना कुणी हिणवलं की मी तेच आठवायचो. आणि पोरीला काय दिलं? सही.

गुरुवार, २४ ऑगस्ट

रोइमाताला सांगितलं. ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

"मला वाटतच होतं," म्हणाली. "मुकादमाच्या अंगणात सगळीकडे काँक्रीट होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं छान सांगितलंस. लिंबाचं झाड वगैरे." दोन दुपट्यांच्या घड्या झाल्या, मग आवाज फुटला तिचा. "मला जागी केली असतीस तर मी सांगितलं असतं रे, ठेव म्हणून. कुठेही ठेव. फ्रीजमध्ये ठेव!"

तिच्या शेजारी बसून घड्या घातल्या. वाकड्या झाल्या, तिने पुन्हा घातल्या.

शेवटी एवढंच म्हणाली, "आईंना तू सांगायचंस. मी नाही."

शुक्रवार, २५ ऑगस्ट

गेलो. आई खूश होती. परात्याने गाडी काढलीये, फक्त पत्ता हवाय. चहा पिऊन परत आलो.

शनिवार, २६ ऑगस्ट

ग्लेनिसला म्हटलं, मी मारामाला विचारलं, नियम मोडला. तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "तीस वर्षं झाली हो मी हेच सांगतेय. कुणीच का नाही मला सांगितलं, की कधीकधी विचारावं?" तिलाही काही कळेनासं झालेलं बघून बरं वाटलं, आणि वाईटही.

रविवार, २७ ऑगस्ट

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"सही केलीस?"

"केली."

वाटलं, आता उठणार आणि देणार एक. तिने भाजी बाजूला सारली. म्हणाली, "म्हणजे माझ्यावरच गेलास."

माझ्या वेळी तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. एकवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी मागितली तर नर्स म्हणाली, जाळली. सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? म्हणून माझं पहिलं दुपटं पुडीत बांधलं आणि सगळ्यांसमोर, प्रार्थना करून, आजोबांच्या झाडाखाली तेच पुरलं. अडतीस वर्षं कुणालाच माहीत नाही.

म्हणजे मी सगळ्या ब्रिस्बेनभर छाती पुढे काढून फिरलो ते एका दुपट्याच्या जोरावर!

मारामा कधी आत आली कळलं नाही. सगळं ऐकलं असावं. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग आजीला म्हणाली, "अगं, मग बाबाला पण खड्डा लागेल."