तुमचं घड्याळ पुढे आहे

३ जून, सकाळ.
बायको लेकीकडे गेली. एकटीच. मी पाण्याची बाटली घ्यायला बसमधून खाली उतरलो आणि तेवढ्यात बस सुटली. ड्रायव्हर लोकांना माणसांची किंमतच नाही. बायकोने खिडकीतून हात हलवला. तो टाटा होता की दुसरं काही, कळलं नाही.

लेकीचं सिझेरियन १२ तारखेला. बाळ आडवं आहे. फोनवर म्हणाली, बाबा, मला आत नेतील तेव्हा तुम्ही दारात दिसला पाहिजेत, मला फार भीती वाटतेय. म्हटलं, काहीही झालं तरी दिसणार.

बायकोने पोचल्याबरोबर फोन करून सुनावलं की हिच्या जन्माच्या वेळी तीन दिवसांनी उगवला होतात, विसरू नका. हा अन्याय आहे. तेव्हा बाळ लवकर आलं होतं. आणि लेकीच्या लग्नाचं काय? मला दहाला बोलावलं होतं, मी सव्वाअकराला पोचलो, तर हॉलवाला अजून खुर्च्या पुसत होता. सगळ्यांत आधी मी! ते कोणी काढत नाही.

३ जून, संध्याकाळ.
निश्चय: यापुढे आयुष्यात उशीर नाही. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. मनगटावरचं पंधरा मिनिटं. कॉम्प्युटर तीन महिने. आता बिलं, विमा, सगळ्यांचे रिमाइंडर तीन महिने आधी वाजतील. त्याच्यात आज ३ सप्टेंबर आहे. इतक्या पुढचा विचार आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी केला नसेल.

४ जून.
माझा फोन साधा, बटणांचा, म्हणून कॉम्प्युटरवर ११ तारखेच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढायला बसलो. तिकडे थेट जाणारी ही एकच बस. साइट उघडेना. लाल त्रिकोण आला. म्हणे कनेक्शन सुरक्षित नाही, या साइटचं सर्टिफिकेट संपलेलं आहे. यांना एक सर्टिफिकेट वेळेवर रिन्यू करता येत नाही, पण बस मात्र वेळेआधी सोडता येते.

५ जून.
बँकेचंही सर्टिफिकेट संपलंय. विमा कंपनीचंही. पेपरचंही. जगात एकालाही तारखेची चाड उरलेली नाही. सगळ्यांना कडक मेल टाकायचं ठरवलं.
मेलही उघडत नाही.

६ जून.
उपाय केले. राउटर बंद करून चालू केला. दुसरा ब्राउझर लावला, त्यातही तोच त्रिकोण. अँटिव्हायरस बंद केला. कीबोर्ड उलटा करून आपटला, त्यातून बिस्किटाचा चुरा पडला. ब्राउझरची हिस्ट्री पुसली, तिच्याबरोबर सगळे पासवर्डही गेले. त्रिकोण जागच्या जागी.
अजून भरपूर दिवस आहेत.

७ जून.
आज एका पानावर वेगळीच वॉर्निंग आली. स्वच्छ अक्षरात: तुमचं घड्याळ पुढे आहे.
बरं वाटलं. कोणीतरी दखल घेतली. तरी पान उघडलं नाहीच.

८ जून.
बायको म्हणाली, अहो, स्टँडवर जाऊन खिडकीवर तिकीट घ्या, तेवढं तरी करा. गेलो. खिडकी एकला बंद होते. निघताना भिंतीवर सव्वा वाजला होता, पण ते घड्याळ पुढे, म्हणजे पाऊणच. मनगटावरचंही पुढेच असतं, म्हणून त्याचेही पंधरा वजा केले. वेळ भरपूर निघाला. चहा करून प्यालो.
खिडकी बंद.

९ जून.
आज वेळेत पोचलो. खिडकीवरची बाई म्हणाली, ११ तारखेच्या इथल्या सीट काल संपल्या, दोन आहेत त्या फक्त ऑनलाइन. तिला म्हटलं, तुमची साइट मेलीय. ती म्हणाली, सकाळपासून लोक काढतायत की. मग म्हटलं, माझ्या लेकीचं ऑपरेशन आहे हो. ती खरंच हळहळली. पण सीट तिच्या हातात नव्हती.

१० जून.
कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला चारची वेळ दिली होती. भिंतीवर साडेचार झाले तेव्हा बेल वाजली. ज्याला स्वतःची वेळ पाळता येत नाही तो माझं मशीन काय दुरुस्त करणार? दारातूनच परत पाठवला. जाताना मोबाइल माझ्या नाकासमोर धरून चार वाजलेत म्हणाला. वर तोंड करून खोटं!

११ जून, दुपार.
सकाळपासून त्रिकोणाकडे बघतोय. हात जोडून झाले, शिव्या देऊन झाल्या. लेकीचा फोन आला. बाबा, निघालात का? म्हटलं, निघतोच आहे. लेकीशी खोटं बोललो. मी नालायक बाप आहे.

११ जून, संध्याकाळ.
जावयाला फोन लावला. लाज सोडून सगळं सांगितलं. त्याने विचारलं, बाबा, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? अभिमानाने सांगितलं, ११ सप्टेंबर. त्याने महिना पुन्हा विचारला. पुन्हा सांगितलं, सप्टेंबर. मग फार हळू आवाजात म्हणाला, सर्टिफिकेट संपलंय की नाही हे कॉम्प्युटर स्वतःच्या तारखेवरून ठरवतो, बाबा. तुम्ही आजची तारीख लावा.
लावली. साइट उघडली. त्रिकोण नाही, काही नाही. दोन्ही सीट गेलेल्या. पुढची रिकामी सीट १४ च्या रात्रीची. म्हणजे १५ ला सकाळी पोचणार. तीन दिवसांनी.
फरशीवर बसून रडलो. बायकोला फोन केला, म्हटलं, तुझंच खरं झालं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, १४ चं काढा. आणि काढल्याशिवाय चहाला उठू नका.

१५ जून, दवाखाना.
लेकीला आत नेलं तेव्हा मी दारात होतो. आज. आत्ता. स्ट्रेचरवरून तिने माझं बोट घट्ट धरलं होतं, नर्सने सोडवलं.
डॉक्टरांनी पहिल्यापासून १५ तारीखच दिली होती. १२ फक्त मला सांगितली होती. जावयालाही माहीत होतं. खालच्या कॅन्टीनवाल्यालाही.
बायकोला विचारलं, असं कधीपासून करतेस? ती शालीची घडी घालत म्हणाली, लग्नाचा हॉल बाराचा होता, दहाचा नव्हता. आणखी विचारू का, असं मनात आलं. नाही विचारलं.
मुलगी झाली. बाळ, बाळंतीण दोघी छान. जन्मवेळ दहा वाजून दहा मिनिटं. माझ्या घड्याळात दहा पंचवीस झाले होते आणि बायकोला विचारायची हिंमत होईना, म्हणून नर्सला विचारून लिहिली आहे.