प्रस्थानाचं गाठोडं

चिंचवड, सोमवार, २७ मे १९५७

बंगळूरच्या विमानाची तिकिटं परवाची, आणि परवा नेमकी अमावास्या! सासूबाई सकाळपासून अडून बसल्यात. "आवसेला म्या घर सोडायची न्हाई. इमान असू दे, न्हाईतर बैलगाडी." हे म्हणाले, तिकिटं परत करू. का म्हणून? ह्यांना कारखान्यातून पुन्हा सुट्टी मिळणार आहे का? मी सरळ सासूबाईंच्या लुगड्यात तांदूळ नि सुपारी बांधली आणि ते गाठोडं शेजारच्या काकूंकडे प्रस्थान म्हणून ठेवून आले. "आत्याबाई, तुमचा प्रवास आजच सुरू झाला. परवा गाठोडं उचलायचं नि पुढं जायचं." त्या लगेच खुलल्या. हे मात्र हसत सुटले, "विमानाला प्रस्थान!" हसू देत. त्या गाठोड्यात माझी एक चोळी मी गुपचूप सरकवलीय. ह्यांचा रुमालसुद्धा.