अंगठ्याच्या नखावरचं रेडियम

१२ जानेवारी, सोमवार
माटुंग्याच्या एका बाईंनी वडिलांचं घड्याळ आणलं. वडील गेल्यापासून कपाटात बंद पडून. आकडे जळक्या गुळासारखे तपकिरी, दोन आकड्यांतलं रेडियम गळून पडलेलं. काटे उचलले, तर खाली डायलवर काट्यांचीच सावली. भाजल्यासारखी. बाईंना डाग नको, पण आकड्यांचा रंग हाच हवा. दुकानाचे मालक पास्कल अंकल म्हणाले, होईल. त्या गेल्यावर मला, "पांढरं भरलं तर म्हातारीला कवळी लावल्यागत दिसतं रे."

१३ जानेवारी
जुन्या डायलांवरून खरवडलेलं सगळं रेडियम अंकल तपकिरीच्या डबीत साठवतात. त्यातलं चिमूटभर डाव्या अंगठ्याच्या नखावर घेतलं, व्हार्निशचा थेंब, काडीने घोटलं. त्यांनीच शिकवलं आहे, नखावर रंग नीट कळतो. पूर्वी हे काम ते मला देत नसत. पण त्यांच्या त्या अंगठ्याला पट्टी. जखम गणपतीपासून भरत नाही, तेव्हापासून हे मीच करतो. विचारलं की म्हणतात, बायको चावली.

१५ जानेवारी
आकडे जुळले. डाग जात नाही, आत उतरला आहे. अंकलना विचारलं, हे काटे तर अंधारात चमकतही नाहीत, मग डायल भाजलं कशाने?
"उजेड गेला म्हणजे मेलं ते. मेलेल्याला काय भ्यायचं?"
घरी फोनवर वाचलं. चमकते ती पूड वेगळी. तिला रेडियमच जाळून संपवतं. ते स्वतः तसंच राहतं. निम्मं व्हायला सोळाशे वर्षं. तीनदा वाचलं.

१७ जानेवारी, शनिवार
अंकलना परळच्या हॉस्पिटलात नेलं. येत नव्हते, त्यांच्या बायकोने, मावशींनी, रागे भरून पाठवलं. डॉक्टरांनी अंगठ्याचा तुकडा तपासायला काढून घेतला. विचारलं, काम काय करता? अंकल म्हणाले, घड्याळं. बस, एवढंच. मग मी सगळं सांगितलं. नख, डबी, रेडियम. अंकल माझ्याकडे पाहतच राहिले. डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, तुझाही हात बघू.
मी उजवा पुढे केला.
भायखळ्याला उतरताना अंकल म्हणाले, "या नखावर घर चालवलं मी."

२० जानेवारी
रिपोर्ट आला नाही. अंकल दुकानात आले नाहीत. मावशी फोनवर म्हणाल्या, खोताच्या वाडीतल्या घरी पडून आहेत. बाई घड्याळ घेऊन गेल्या, डाग तसाच. डबी कुठे टाकायची, कळत नाही. मागच्या खणात ठेवली आहे, माझ्या खुर्चीपासून लांब.

डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी तपकिरी रेघ आहे. केसाएवढी. १३ तारखेच्या आधीही होती. स्पिरिटने पुसली, गेली नाही. व्हार्निश मुरलं असेल. तिच्या टोकाशी कानशीने बारीक खाच पाडली आहे. नख वाढेल तशी खाच पुढे सरकेल. रेघही तिच्याबरोबर सरकली तर नुसता डाग. मुळाशीच राहिली तर