घुमटावरचं हिम

१२ ऑक्टोबर

बाबा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? मला वरची जागा मिळाली, संचालकबाईंच्या शेजारची खोली. खिडकीतून वाहनतळ दिसतो, बाकी काही नाही.

तुम्ही सुट्टीवर आलात की म्हणायचात, "वरून बर्फही पांढरा, ढगही पांढरे. आकाशातून जमिनीवर किती ऊब उतरते ते उपग्रहाला काय कळणार? त्याला खाली माणूस लागतो." आता त्यालाही कळतं. नवा उपग्रह ध्रुवावरच्या अंधारातही ढग ओळखतो. त्याचे आकडे तिथल्या तुमच्या केंद्रातल्या यंत्राच्या आकड्यांशी पडताळायचं काम माझ्याकडेच आलं. बहुतेक जुळले.

एक आठवडा मात्र जुळेना. उपग्रह म्हणत होता आकाश निरभ्र, तुमचं यंत्र दाट ढगांइतकी ऊब दाखवत होतं. यंत्राच्या घुमटावर हिम साचलं की ते आकाशाऐवजी त्या हिमाचीच ऊब मोजतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. तारखा पाहिल्या. आई गेल्याचं मी कळवलं, तोच आठवडा.

आई अंथरुणाला खिळली म्हणून त्या हिवाळ्याआधी शेवटचं विमान तुमच्यासाठी थांबलं होतं. "घुमट पुसायला इथे दुसरं कोणी नाही," असं तुम्ही म्हणालात. फोन स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आणि ती गेल्यावर तुम्ही पुसायला बाहेर पडलाच नाहीत. खोलीत पडून राहिलात. रडलात बहुधा.

तुमचं केंद्र ठेवायचं की बंद करायचं, हे इथे ठरत नव्हतं. संचालकबाईंनी विचारलं, "या आठवड्यात काय झालं? यंत्र बिघडलं?"

"नाही. माणसाने हयगय केली."

"एवढा जुना माणूस?"

"जुनाच. आता होत नाही त्याच्याने."

खरं सांगितलं असतं तर बाई विरघळल्या असत्या. त्यांची आईही अलीकडेच गेली. म्हणूनच नाही सांगितलं.

केंद्र बंद करायचं ठरलं. हे पत्र आणणारं जहाजच तुम्हाला आणि यंत्राला परत आणेल. बंदरावर ऑफिसचा माणूस असेल, मी नसेन. आईची खोली भाड्याने दिली आहे, तेव्हा घराकडे येऊ नका. हे लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. अजून तरी वाटलेलं नाही.

तब्येत सांभाळा, असं लिहायची पद्धत आहे.

आईची मुलगी