न कोरलेला चेहरा

११ जानेवारी, मंगळवार; पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला पाहिंग

पुन्हा सगळ्यांनी डोंगरच काढले! तोंड उघडून आग ओकणारा डोंगर. बाग्योने तर त्याला दात काढले, मग कागद जमिनीवर ठेवून चपलेने बडवला. मुलं खिदळली. माझा जीव वरखाली झाला — डोंगराला असं कुणी मारतं का? बू रेत्ना शांत. त्या मालांग शहरातून येतात, मुलांच्या मनाच्या डॉक्टर. मला म्हणाल्या, "मारू द्या, पाक वितो. डोंगराने आधी मारलंय."

मी बाग्योला दुसरा कागद दिला.

मुलांना सावलीच्या बाहुल्या करायला शिकवा, म्हणून त्यांनीच मला बोलावलं. त्यांना सगळे मानाने 'बू' म्हणतात, पण त्या मलाही मानाने 'पाक' म्हणतात; मी आपला चामडं कोरणारा माणूस. गावच्या शाळेत सहावीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं बाबांच्या हाताखाली. पण राखेने वरची वाडी गिळली तेव्हापासून या छावणीच्या पत्र्याच्या खोल्यांत बसून तरी काय करायचं? आमचं घर गेलं. बायको सातिनेम वाचली, छिन्न्यांची पेटी वाचली. अल्हम्दुलिल्लाह म्हणतो, आणि तेवढ्यात पत्र्यापलीकडून शेजारच्या पोरक्या वेनिंगचा आवाज येतो.

१३ जानेवारी, गुरुवार वागे

वेनिंग सात वर्षांची. तोंडाला कुलूप नाही पोरीच्या. कोंबडी, हलणारा दात, बाग्योचा शेंबूड — सगळ्यांवर बोलते. आईबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आई, सुलासिह, राख आली त्या दुपारी चुलीपाशी होती. सापडली नाही. मग सरकारी माणसांनी शोध थांबवला, दोऱ्या बांधल्या, वर जायला बंदी. वेनिंग मावशीकडे असते, बू लास्त्रीकडे. लास्त्रीने तिला सांगितलंय, "आई तिथे झोपलीय. तिला उठवायचं नाही." आणखी काय सांगणार ती तरी!

आज वेनिंगने बाहुलीला पुठ्ठा नको म्हटलं. "पाकदे, मला खरं चामडं. तुमच्यासारखं."

सातिनेम मागून म्हणाली, "द्या की! आता सगळ्या छावणीचे थोरले काका झालात. बायकोला कधी चपलेपुरतंही चामडं दिलं नाहीत."

दिलं.

१७ जानेवारी, सोमवार पोन

उपास आहे. हात हलके चालतात उपासाच्या दिवशी.

वेनिंग आईची बाहुली करतेय. बाह्यरेषा मी कापून दिली. केसांचा बुचडा, नेसूच्या सारोंगवरची नक्षी तिने छिन्नीने ठोकली, माझा हात तिच्या हातावर ठेवून. बाग्यो म्हणाला, "हिच्या आईला देवी आल्यात, केवढी भोकं!" वेनिंगने हातोडीच उगारली. मग दोघंही हसली.

मुलांना आमची रीत सांगितली. चेहरा सगळ्यात शेवटी. आधी दागिने, कपडे, बोटं. मग वुजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, बिस्मिल्लाह म्हणून डोळे-नाक-तोंड. डोळा उघडला की बाहुली जागी होते, असं बाबा सांगायचे. वेनिंग ऐकत होती. एकदम गप्प. मला वाटलं, आवडलं तिला.

१८ जानेवारी, मंगळवार वागे

बाहुली झाली. चेहरा तसाच कोरा. "उद्या करू?" विचारलं. "नको." परवा? "नको." आणि पुन्हा कोंबडीची गोष्ट सुरू.

बू रेत्ना म्हणाल्या, "तिला हवं तेव्हा करेल. नाहीच केलं तर तेही तिचंच."

कळतं. पण हातांना कळत नाही. ती बाहुली माझ्या फळीवर भिंतीला टेकून उभी आहे. दागिने आहेत, नक्षी आहे, बोटं आहेत, आणि वर नुसतं चामडं. नमाजानंतरही नजर तिथेच जाते. अर्धवट बाहुली आमच्या घरात कधी राहिली नाही.

२० जानेवारी, गुरुवार लेगी

उपास धरला. वुजू केलं. सुलासिहला मी लहानपणापासून ओळखत होतो — डोळे बारीक, हसताना मिटूनच जायचे. तसेच कोरले. इतका नाजूक चेहरा माझ्या हातून बऱ्याच वर्षांत उतरला नव्हता. पोरीला आई भेटेल असं वाटलं.

दुपारी तिच्या हातात दिली.

तिने पाहिलं. रडली नाही. बाहुलीचे डोळे तळहाताने गच्च दाबून धरले आणि म्हणाली, "आता राख जाईल ना डोळ्यांत."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

म्हणून चेहरा कोरला नव्हता तिने. आईने झोपूनच राहावं म्हणून. जागी झाली तर तिथे, त्या अंधारात —

चामड्याला पाडलेलं भोक बुजत नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार पाहिंग

बू रेत्ना ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "तिला विचारायला हवं होतं, पाक." मी म्हटलं, नवी करून देतो, बिनचेहऱ्याची. म्हणाल्या, "तुमच्यासाठी की तिच्यासाठी?"

तरी केली. वेनिंगने घेतली नाही. जुनीच्या तोंडाला चिंधी बांधलीय तिने. लास्त्री सांगते, पोर झोपत नाही. आढ्याकडे बघत पडते.

जुम्म्याच्या नमाजाला गेलो. सजद्यात डोकं टेकलं आणि उचलावंसंच वाटेना.

२२ जानेवारी, शनिवार पोन

वेनिंग हरवली!

दुपारच्या नमाजानंतर लास्त्री धावत आली. मला ठाऊक होतं कुठे असेल. दोऱ्यांखालून वर पळालो, मागे कारमान. तो रेती उपसणारा, त्याचे पाय त्या राखेत सवयीचे. डोंगरमाथा काळा झालेला, वर पाऊस सुरू. म्हणजे ओढ्यातून चिखल कधीही येणार.

सुलासिहच्या घराची जागा फणसाच्या जळक्या खोडावरून ओळखू येते. तिथे बसून नारळाच्या करवंटीने खणत होती. नखं रक्ताळलेली. वर काढते तेवढी राख परत आत घसरते.

उचलली तर मला मारायला लागली. छातीवर, तोंडावर. "तुम्हीच उठवलंत तिला! तुम्हीच! आता तिला बाहेर काढा!"

आम्ही उतरलो आणि मागे ओढा गर्जत आला. कारमान एकच बोलला, "पाक, थोडक्यात वाचलो." मी पोरीची नखं पुसत होतो.

२३ जानेवारी, रविवार वागे

लास्त्रीने दारातून सांगितलं, "पाक वितो, राग मानू नका. पण आता बाहुल्या पुरे."

छिन्न्या पेटीत ठेवल्या.

२९ जानेवारी, शनिवार क्लिवोन

पाऊस नसेल त्या सकाळी फजरच्या नमाजानंतर वर जातो, सुलासिहच्या जागी खणायला. बंदी आहे, माहीत आहे. कारमान येतो, फावडी त्याचीच. हाताला फोड आलेत. छिन्नी धरणारा हात वेगळा आणि फावडं धरणारा वेगळा. कारमान हसतो, "रेतीत नक्षी काढताय का, पाक? खणा!"

सातिनेम रागावली होती. "एका पोरीचं समाधान करायला स्वतः गाडून घ्या तिथे!" आज मात्र केळीच्या पानात भात आणि सोयाबीनचं टेम्पे बांधून दिलं. 

वेनिंग आमची वाट पाहते. मी परतलो की आधी हातांकडे बघते. मग आत जाते.

बू रेत्ना म्हणाल्या, "सापडल्या नाहीत तर?"

तेच तर.

२ फेब्रुवारी, बुधवार वागे

खणताना घराची कौलं लागली. आज चिखल फार, थांबावं लागलं. घरी येऊन एकच दुआ मागितली. काय, ते इथेही लिहीत नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार लेगी

सुलासिह सापडली. चुलीजवळ.

कारमान पाण्याला गेला होता. मी एकटाच होतो. तो यायच्या आत मी कापड टाकलं, आणि नंतर ते कुणाला उचलू दिलं नाही. जुम्म्यानंतर दफन केलं. सगळी छावणी आली.

वेनिंग माझ्याजवळ आली. किती दिवसांनी! एकच विचारलं —

"पाकदे, डोळे मिटलेले होते?"

"हो," म्हटलं. "घट्ट मिटलेले."

आता पलीकडे झोपलीय. श्वास ऐकू येतोय पत्र्यातून.

या अल्लाह, तिथे चेहराच नव्हता.